जक्कयाचा हिशेब

लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात यरीहोच्या जक्कयाची कथा आहे. हा जकातदारांचा मुख्य, आणि धनवान. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा तो अश्रू ढाळीत बसत नाही. अर्धी मालमत्ता दरिद्री लोकांना देतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो, असे तो उभा राहून सांगतो. या घराला तारण मिळाले, असे येशू म्हणतो ते त्यानंतर! ख्रिस्ती धर्मातील पश्चात्ताप तो हा. त्यात परतफेडीचा हिशेब आहे.

भारतातील ख्रिस्तसभा या कसोटीस कितपत उतरते? करुणेत तिने हात आखडता घेतला असे कोणी म्हणणार नाही. गावकुसाबाहेरच्या अनेक मुलांच्या हाती पहिली पाटी मिशनच्या शाळेनेच दिली. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याच मुलाला देवळात कोठे बसविले? तामिळनाडूत कित्येक ठिकाणी पूर्वास्पृश्य ख्रिस्त्यांची जागा वेगळी राहिली, आणि तिरुचिरापल्लीच्या एका दफनभूमीत तर मृतांमध्येही भिंत घातली गेली. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली दक्षिणेतील मंडळ्यांना जातिभेद टाकण्याची निर्वाणीची आज्ञा केली, तेव्हा अनेक सवर्ण ख्रिस्त्यांनी जात राखली आणि प्रभुभोजन सोडले.

डिसेंबर २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या धोरणपत्रात, ख्रिस्तसभेत अस्पृश्यता पाळली जाते, असे स्वच्छ मान्य केले. ही कबुली धैर्याची खरी. पण जक्कयाने कबुलीवर भागविले नव्हते.

आमचे काही वाचक म्हणतील, हा त्यांच्या घरचा मामला. आपणांस काय त्याचे? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या बांधल्या. १९५६ साली त्यांत शीख आले. बौद्धांना १९९० पर्यंत थांबावे लागले. ख्रिस्ती व मुसलमान आजही त्या दाराबाहेर आहेत. धर्म बदलला म्हणून हक्क गमावणे म्हणजे काय, हे आम्हांला कोणी शिकवावयास नको.

मद्रासच्या रस्त्याकडेला चर्मकाम करणाऱ्या एका आदिद्राविड ख्रिस्त्यास सरकारी योजनेतील टपरी याच कारणाने नाकारली गेली. त्याचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ साली न्यायालयाने सांगितले की, धर्मांतरानंतर जात उरली एवढे दाखविणे पुरेसे नाही. नव्या समाजातही तिचा जाच तितकाच तीव्र राहतो, हे सिद्ध झाले पाहिजे. आता हा पुरावा कोणाच्या कपाटात आहे? ख्रिस्तसभेच्याच. जोवर तिचे अधिकारी अब्रूच्या भयाने “आमच्यात जात नाही” असे म्हणत राहतील, तोवर ते आपल्याच दीनदुबळ्या बंधूंविरुद्ध साक्ष देत आहेत.

२०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. आनंदच आहे! पण एक लाल टोपी म्हणजे चौपट नव्हे. त्याच वर्षी नेमलेल्या न्यायमूर्ती बालकृष्णन आयोगाकडे हाच प्रश्न सोपविण्यात आला. कोणत्या गावी दफनभूमी वेगळी, किती पूर्वास्पृश्य तरुण धर्मगुरू झाले, मिशनच्या शाळा-महाविद्यालयांत किती जागा त्यांना मिळाल्या, याची यादी बिशपांच्या कचेऱ्यांतून निघाली पाहिजे. ती गोळा करीत पीडितांनी दारोदार हिंडावे, हे आम्हांस मान्य नाही.