खेळाचे यंत्र आपले, मग ते उघडायचा हक्क कोणाचा?



दिवाळीच्या कार्यक्रमानंतर हॉलमध्ये खुर्च्या आवरत होतो. मंडळातल्या एका मित्राचा पंधरा वर्षांचा मुलगा माझ्या आसपास घुटमळत होता. माझी सगळी नोकरी सर्किट बोर्डांवर गेली, हे त्याला ठाऊक आहे. शेवटी त्याने जॅकेटच्या खिशातून निन्टेंडो स्विच लाइट काढला आणि हळूच म्हणाला, "काका, बाबांना सांगू नका. यात मी मॉडचिप बसवली. आधी मेमरी स्लो आहे असा मेसेज आला, आता स्क्रीन काळाच आहे. कार्ड फॉरमॅट करून झालं. आतली मेमरी पण पुसून टाकू का?"

"काहीही पुसू नकोस," मी म्हटले. "आणि बाबांना तूच सांगणार आहेस."

त्या मेमरीत २०२० सालचे 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' खेळातले बेट होते. त्या मार्चमध्ये भारताची आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली आणि सांगलीहून आलेली त्याची आजी इथेच अडकली. नातवंडांबरोबर तिनेही बेटावर घर बांधले, झाडे लावली. आता तिला अमेरिकेचा प्रवास झेपत नाही, पण फोनवर ती अजून विचारते, "माझी झाडं आहेत ना रे?" मुलाने दोन आठवडे कोणालाच काही सांगितले नव्हते, त्याचे खरे कारण हे होते.

आता थोडे तांत्रिक. स्विचमध्ये दोन साठवणी असतात. एक आपण घालतो ते मायक्रोएसडी कार्ड, दुसरी आतली ईएमएमसी मेमरी. खेळातली आपली प्रगती आतल्या मेमरीत राहते, कार्डावर नाही. मूळ स्विचमध्ये ही मेमरी छोट्या सुट्या बोर्डावर आहे. लाइट आणि ओएलईडी मॉडेलमध्ये मात्र ती मुख्य बोर्डालाच डकवलेली असते. शिवाय त्यातली माहिती त्या-त्या यंत्राच्या स्वतःच्या किल्लीने बंद केलेली असते. ती मेमरी काढून दुसऱ्या यंत्राला लावली, तर काही वाचता येत नाही.

मॉडचिप दोन कामे करते. यंत्र चालू होताना प्रोसेसरची वीज क्षणभर खाली ओढून त्याला चकवते, आणि प्रोसेसर व मेमरी यांच्यामधल्या तारांवर आपले बोलणे घुसवते. यातल्या घड्याळाच्या तारेवर सेकंदाला वीस कोटी ठोके पडू शकतात. तिथे एखादी तार गरजेपेक्षा लांब राहिली, एखादा टाका कच्चा राहिला किंवा कथिलाचा थेंब शेजारच्या जागेला चिकटला, की संदेश बिघडतो. यंत्र आधी वेग कमी करून पाहते, तेव्हा 'स्लो'चा मेसेज येतो. तेही जमले नाही तर मेमरी सापडतच नाही.

म्हणजे मेसेज मेमरीचा असला, तरी दोष बहुतेक वेळा टाक्यात असतो. मेमरी पुसून टाका सुधारत नाही. उलट त्या यंत्रापुरती असलेली प्रमाणपत्रे आणि जुळणीची माहिती कॉपी न ठेवता पुसली गेली, तर ती पुन्हा कुठून आणणार? तक्रार कार्डाची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी दुसरे कार्ड घालून पाहावे, कारण खोटी क्षमता छापलेली नकली कार्डे बाजारात भरपूर आहेत.

रविवारी तो आला, बाबांना घेऊनच. आम्ही बॅटरी सोडवली आणि भिंगाखाली पाहिले. मल्टीमीटरने एकेक तार जमिनीशी ताडून पाहिली. एकीचा आकडा बाकीच्यांशी जुळेना. त्या तारेवरचा मोहरीपेक्षा बारीक घटक एका बाजूने उचलला गेला होता. चिपच्या सगळ्या तारा काढल्या, तो घटक पुन्हा बसवला, बोर्ड अल्कोहोलने स्वच्छ केला. यंत्र चालू झाले. आजीची झाडे जागेवर होती.

गोष्ट इथे संपली असती, तर मी ती सांगितली नसती. घरी जाताना मित्राने विचारले, "यात बेकायदा काय होतं रे?" उत्तर सोपे नाही.

अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार असे डिजिटल कुलूप फोडायलाच मनाई आहे, आत चोरीचा खेळ असो वा नसो. फोडायची साधने विकायलाही मनाई आहे. धंद्यासाठी जाणूनबुजून केले, तर तो फौजदारी गुन्हा होतो. स्विचच्या मॉडचिप विकणाऱ्या टोळीतल्या गॅरी बाउझरला फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली. ४५ लाख डॉलरची भरपाई झालीच, आणि निन्टेंडोच्या दिवाणी दाव्यात आणखी एक कोटी डॉलर मान्य करावे लागले. मे २०२५ मध्ये निन्टेंडोने अमेरिकेतल्या करारात कलम घातले, की नियम मोडल्यास यंत्र कायमचे निकामी करण्याचा हक्क कंपनीला आहे.

दुरुस्तीसाठी सूट आहे, पण कशी? २०२१ मध्ये खेळयंत्राचे कुलूप उघडायला परवानगी मिळाली, ती फक्त डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरती. स्विचला डिस्कच नाही. आपल्या कॅलिफोर्नियाचा दुरुस्तीहक्काचा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. शंभर डॉलरच्या वरच्या वस्तूंना शेवटचे उत्पादन झाल्यापासून सात वर्षे सुटे भाग आणि माहितीपुस्तिका द्यायला तो कंपन्यांना भाग पाडतो. फोन आले, टीव्ही आले, वॉशिंग मशीन आले. खेळयंत्रे मात्र नावानिशी वगळली. मिनेसोटा आणि ओरेगनच्या कायद्यांतही तीच पळवाट आहे.

कंपन्या म्हणतात, दुरुस्तीचे दार उघडले की चोर आत शिरतील. ही भीती खोटी नाही. बाउझरच्या टोळीचा धंदा चोरीच्या खेळांवरच चालत होता. एक खेळ बनवायला शेकडो माणसांची वर्षे जातात, आणि आपल्यातले कितीतरी जण सॉफ्टवेअरवरच जगतात. तेव्हा फुकट खेळांसाठी चिप बसवणे चूक, हे मी त्या मुलाला स्पष्ट सांगितले.

पण उचलला गेलेला घटक पुन्हा डकवणे आणि खेळ चोरणे या दोन गोष्टी एका पारड्यात कशा बसतात? बोर्डाचा नकाशा कंपनी देत नाही, शाळेत हे कोणी शिकवत नाही. मग मूल लपून करते, वाईट हत्यारांनी करते, आणि बिघडल्यावर विचारायला कोणी नसते. चोरी तर थांबत नाहीच, नुकसान मात्र घरातले होते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. घरात एवढे करता येईल:

१. पैसे भरून मिळणारी निन्टेंडोची ऑनलाइन सेवा घेतली, तरी प्रत्येक खेळ त्यात आपोआप जपला जात नाही. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'च्या बेटाचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. तो आजच करा.

२. मुलाला डाक लावायची हौस असेल, तर जुन्या रेडिओवर लावू द्या. ज्यात कोणाची आठवण आहे, त्यावर नको.

३. बिघडले तर पहिला प्रश्न "कोणी सांगितलं होतं?" हा नको. "काय काय करून पाहिलंस?" असे विचारा.

तो मुलगा आता दर रविवारी माझ्या गॅरेजमध्ये येतो. परवा त्याने एक बंद पडलेला मिक्सर चालू केला. आजीला व्हिडिओ कॉलवर बेटही दाखवून झाले. ती म्हणाली, "पाणी घालत जा रे." या खेळात फळझाडांना पाणी लागत नाही, पण हे तिला सांगायचे कोणी?