विंडोज १० चा सपोर्ट संपला. पातूरच्या सेतू केंद्रातला कॉम्प्युटर आता बंद पडणार का?

उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्तीचा फॉर्म. पातूरसारख्या तालुक्याच्या गावात यातलं काहीही हवं असेल तर माणूस सेतूत किंवा ऑनलाईन कामाच्या दुकानात जातो. तिथल्या टेबलावरचा कॉम्प्युटर बहुतेक वेळा सात-आठ वर्षं जुना असतो आणि त्यात विंडोज १० असतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने या विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. त्यानंतर व्हॉट्सॲपवर दोन प्रकारचे मेसेज फिरले. एकात लिहिलं होतं, 'जुने कॉम्प्युटर भंगारात जाणार'. दुसऱ्यात, 'काही होत नाही, कंपनीला नवा माल विकायचा आहे'. खरं या दोन्हींच्या मध्ये आहे.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटर बंद पडत नाही. तो कालसारखाच सुरू होतो, प्रिंट निघते, फॉर्म भरला जातो. बंद होतात ते मोफत सिक्युरिटी अपडेट.

विंडोजमध्ये सतत नवे दोष सापडतात. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यावरची दुरुस्ती पाठवतं. विंडोज ११ मध्ये कोणता दोष दुरुस्त झाला हे जगाला कळतं, हॅकरलाही कळतं. तोच दोष विंडोज १० मध्ये असेल आणि तिथे दुरुस्ती पोहोचली नसेल, तर चोराला कोणतं दार उघडं आहे ते आयतंच समजतं. त्यामुळे पहिल्या दिवशी धोका जाणवत नाही, पण महिन्यागणिक तो वाढत जातो.

मे २०१७ मधला 'वॉनाक्राय' हल्ला हे त्याचं सर्वात ठळक उदाहरण. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपासून आंध्र प्रदेशातल्या काही पोलीस ठाण्यांपर्यंतचे कॉम्प्युटर त्यात लॉक झाले. फाइल परत हवी तर खंडणी भरा, असा मेसेज स्क्रीनवर आला. विशेष म्हणजे त्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिली होती. फटका बसला तो मुख्यतः अपडेट न केलेल्या कॉम्प्युटरना.

अँटिव्हायरस आहे की, मग भीती कसली?

विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरला व्हायरसची नवी यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील. पण अँटिव्हायरस हा दारावरचा राखणदार आहे. घराची भिंतच खचलेली असेल तर तो किती पुरणार?

आणखी एक गोष्ट दुकानदारांना अनुभवाने ठाऊक आहे. कॉम्प्युटर खऱ्या अर्थाने निकामी होतो तो ब्राउझरने साथ सोडल्यावर. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, पण क्रोमने त्यावर नवी आवृत्ती देणं २०२३ च्या सुरुवातीला थांबवलं. मग हळूहळू पोर्टल नीट उघडेनात. विंडोज १० वर ती वेळ आज आलेली नाही, पण पुढे येणार हे नक्की.

पातूरसारख्या गावात अडचण वेगळी का?

घरच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड झाला तर एका घराचं नुकसान होतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मात्र अख्ख्या तालुक्याची कागदपत्रं असतात. आधार, बँक पासबुक, जमिनीचे उतारे, मुलांच्या टीसी. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर पाठवतं, ऑपरेटर डाऊनलोड करतो आणि फाइल तिथेच पडून राहते.

दुसरी गोष्ट, नवी विंडोज टाकायला ऑपरेटर कचरतात त्यालाही कारण आहे. बोटाचे ठसे घेणारं मशीन, जुना प्रिंटर, डोंगल लावून चालणारं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या जुन्या फाइल. यातलं एक जरी चाललं नाही तरी धंदा अडतो. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. त्यामुळे ३२-बिट विंडोजवर चालवलेले जुने ड्रायव्हर आणि काही जुनी सॉफ्टवेअर तिथे चालत नाहीत. दुरुस्तीसाठी मशीन अकोल्याला न्यायचं म्हटलं तर जून-जुलैच्या गर्दीत, म्हणजे शाळा-कॉलेजचे प्रवेश आणि पीक विमा एकाच वेळी आलेले असताना, दोन दिवस दुकान बंद ठेवणं परवडत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. सरकारने २०२५ मध्ये आपले सरकार सेवा केंद्रातल्या दाखल्यांचं सेवा शुल्क २० रुपयांवरून ५० रुपये केलं. त्यातला फक्त वाटा ऑपरेटरच्या हाती येतो. नवा कॉम्प्युटर ३० हजारांचा धरला आणि पूर्ण ५० रुपये ऑपरेटरला मिळतात असं मानलं, तरी ६०० अर्ज नुसते मशीनसाठीच भरावे लागतील. वीज, इंटरनेट, भाडं, कागद वेगळं.

इथेच खरा पेच आहे. सेवा सरकारची, माहिती नागरिकाची, पण मशीन खासगी माणसाचं. पोर्टल कितीही सुरक्षित केलं, तरी ज्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड टाकला जातो तोच कच्चा असेल तर पोर्टलच्या सुरक्षेला अर्थ उरत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती सांभाळण्याची जबाबदारी कायद्यात आहे, पण टेबलावरचं मशीन बदलायचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न गावपातळीवर तसाच उभा आहे.

मग पर्याय काय?

*१. विंडोज ११ मोफत टाकणं.* खरं लायसन्स असलेल्या विंडोज १० वरून हे अपग्रेड मोफत आहे. अट मशीनची आहे. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, सिक्युअर बूट, टीपीएम २.० आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आठवी पिढी २०१७ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीची मशीन बहुतेक बाद होतात. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' ॲप मशीन पात्र आहे का ते सांगतं. 'टीपीएम नाही' असा मेसेज आला तर लगेच निराश होऊ नका. अनेकदा ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलमध्ये ते पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने सापडतं.

*२. मुदतवाढ घेणं.* घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळवण्याची योजना आहे. मायक्रोसॉफ्ट अकाऊंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप सुरू केला तर ती मोफत मिळते, नाहीतर ३० डॉलर किंवा तितकी स्थानिक रक्कम. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती लागते. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. मात्र ही योजना वैयक्तिक वापरासाठी आहे. व्यवसायासाठीचा परवाना वेगळा आहे. त्याची किंमत पहिल्या वर्षी प्रत्येक मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. म्हणजे दुकानदाराने दोन-तीन वर्षं पैसे भरत बसण्यापेक्षा तीच रक्कम नव्या मशीनकडे वळवणं शहाणपणाचं.

*३. लिनक्स.* उबुंटू किंवा लिनक्स मिंट मोफत आहे, जुन्या मशीनवर चालतं, युनिकोड मराठी टायपिंगही होतं. मुलांचा अभ्यास, ब्राउझिंग, पत्रलेखन यांसाठी उत्तम. पण ठसे घेणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर आणि जुनी डीटीपी पॅकेज त्यावर चालतील याची खात्री नसते. दुकानात टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघावं.

*४. कामाची वाटणी.* दोन मशीन असतील तर जुन्यावर फक्त पत्रिका आणि फ्लेक्सचं काम ठेवा, त्याचं इंटरनेट काढा. सरकारी पोर्टल आणि बँकेचे व्यवहार नव्या मशीनवर करा.

एक गैरसमज दूर करायला हवा. जुन्या मशीनला एसएसडी टाकली की ते पळायला लागतं हे खरं, पण त्याने प्रोसेसरची अट पूर्ण होत नाही. मशीन वेगवान होणं वेगळं आणि सुरक्षित होणं वेगळं.

आजच करता येण्यासारखं काय?

दुकानदारांनी काहीही बदलण्याआधी सगळ्या फाइलचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा आणि नंतर ती काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर खंडणीचा व्हायरस तीही लॉक करतो. फुकटात विंडोज ॲक्टिव्हेट करणारी क्रॅक टूल वापरू नयेत, त्यातूनच अनेकदा व्हायरस येतो. 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमची विंडोज बंद होणार' असा फोन आला तर ठेवून द्यावा, स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकू नये.

गिऱ्हाइकांनी जिथे चालतं तिथे आधारचे फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत द्यावी. काम झाल्यावर डाऊनलोड फोल्डर आणि रीसायकल बिन या दोन्ही ठिकाणाहून आपली फाइल काढायला सांगावं. त्यात संकोच वाटायचं कारण नाही. दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं ईमेल किंवा व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर निघताना लॉगआऊट करावं. पैशाची फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावं, कारण पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त असते.

घरच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा अवधी मिळू शकतो, दुकानाच्या मशीनला तोही फुकट नाही. त्यामुळे पात्रता तपासणं आणि बॅकअप घेणं ही दोन कामं प्रवेशाच्या गर्दीआधी उरकलेली बरी. गर्दीत मशीन बसलं तर त्याची किंमत दुकानदारासोबत रांगेतला प्रत्येक माणूस मोजतो.