आधी पैसा, मागून माणूस!

दसऱ्याचे सोने लुटून झाले, दिवाळीच्या पणत्या विझल्या, की बीड जिल्ह्यातील वाड्यावस्त्या आणि तांडे बघता बघता ओस पडू लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, वडवणी, धारूर, केज या साऱ्या तालुक्यांतून ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या आणि मालमोटारी भरून निघतात. त्यांत पत्र्याची पेटी असते, पिठामिठाची गाठोडी असतात, एखादी शेळी असते आणि या सर्वांच्या वर लेकरे बसलेली असतात. दारांना कुलपे लागतात. मागे उरतात ती थकलेली आईबापे आणि त्यांच्या पदरी टाकलेली एखाददुसरी नात. कोणी कोल्हापूर-सांगलीच्या वाटेला लागतो, कोणी पुणे-सातारा-सोलापूरच्या, तर कोणी सीमा ओलांडून कर्नाटकात बेळगाव-बागलकोटच्या फडांवर जातो. तेथे भाषा निराळी, माणसे निराळी. ज्याला आपण परमुलूख म्हणतो, तो गाठण्यासाठी समुद्रच ओलांडावा लागतो असे थोडेच आहे!

परदेशाची चर्चा आपल्या शहरांतून रोज चालते. तिकडे पगार किती, घरभाडे किती, दूधभाजीचा भाव काय आणि महिनाअखेर हाती शिल्लक काय उरते, याचा जमाखर्च मांडल्यावाचून मध्यमवर्गीय तरुण विमानाचे तिकीट काढीत नाही. हा हिशेब शहाणपणाचा आहे. आमचे म्हणणे एवढेच, की तोच हिशेब बीडच्या ऊसतोड मजुरासाठीही एकदा मांडून पाहावा. घरी काय मिळते, परमुलखात काय मिळते, आणि हे अंतर तोडून माणसाच्या पदरात काय पडते?

या धंद्यात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने होते, यातच पुष्कळसे आले. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनामागे 274 रुपयांच्या आसपास असलेला दर 366 रुपयांच्या आसपास गेला. वाढ लहान नव्हती. ती मिळवण्यासाठी संप आणि वाटाघाटी कराव्या लागल्या, हेही खरे. परंतु मध्यम ताकदीची जोडी दिवसाकाठी साधारण दोन टन ऊस तोडते. म्हणजे जोडीला 732 रुपये, माणशी 366. पहाटे अंधारात फडावर जायचे, दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या आणि गाडी रात्री आली तर रात्री भरून द्यायची, एवढ्या कामाचे हे दाम आहे.

आता घरचा दर पाहा. 2025-26 या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दिवसाचा दर 312 रुपये ठरला होता. 366 आणि 312. अंतर अवघे 54 रुपयांचे! या चोपन्न रुपयांसाठी माणूस शेकडो मैल जातो, पाचटाच्या अन् प्लास्टिकच्या कोपीत राहतो आणि मुलाची शाळा सोडतो, यावर कोणाचा विश्वास बसेल काय?

शिवाय हे चोपन्न रुपयेही त्याच्या हाती उरत नाहीत. गावात घर स्वतःचे असते, चुलीला लाकूडफाटा मिळतो, रेशनचे धान्य मिळते, उसनेपासने द्यायला शेजार असतो. फडावर पाणी कालव्याचे नाहीतर कोणा दयाळू बागायतदाराच्या विहिरीचे. भाजीपाला, तेल, औषध, मोबाईलचा खर्च, सारे रोखीने. शिधापत्रिका आता देशात कोठेही चालते, असे सरकार सांगते आणि ते खरेही आहे. पण आज या गावच्या शिवारात तर पंधरा दिवसांनी त्या गावच्या, अशा फिरत्या कोपीला दुकानदार कोणता आणि त्याच्या दारात उभे राहायला दिवस कोणता? आठवड्या-पंधरवड्याला मुकादम खर्ची देतो, तीही त्याच्या वहीत नावे पडते. एखादा दिवस आजारपणात गेला तर मजुरी बुडतेच, वर ‘खाडा’ म्हणून दंडही बसतो. जनावरांसाठी वाढे विकून चार पैसे येतात, ते मीठमिरचीला पुरतात.

मग माणूस जातो कशासाठी? आमच्या मते या साऱ्या प्रश्नाची गाठ येथेच आहे. तो मजुरीसाठी जात नाही, उचलीसाठी जातो. आषाढ-श्रावणात घरातील दाणे संपलेले असतात, पीक शेतात उभे असते, सावकाराचे देणे थकलेले असते, एखादे लग्न किंवा दुखणे येऊन ठाकते. अशा वेळी जोडीमागे लाखभर रुपये एकरकमी देणारा माणूस त्याच्या पंचक्रोशीत एकच असतो, तो मुकादम. बँक त्याला तारण मागते. मुकादम तारण म्हणून त्याचे दोन हात घेतो.

कोकणचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेला, रत्नागिरीचा तरुण आखाती देशांत गेला. त्यांचेही हाल झाले. पण तेथे माणूस आधी गेला आणि पैसा त्याच्या मागून मनीऑर्डरीने घरी आला. त्या पैशाने कौले चढली, मुले शिकली. बीडमध्ये हे चाक उलटे फिरते. येथे पैसा आधी येतो, तो देण्यापाण्यात संपतो, आणि माणूस त्या संपलेल्या पैशाच्या मागून फरफटत जातो. पहिल्या परीचे परदेशगमन ही कमाई असते. दुसऱ्या परीचे ही फेड असते.

फेड तरी पुरी होते काय? लाख रुपयांची उचल 366 रुपयांच्या दराने फेडायची तर 273 टन ऊस तोडावा लागतो. रोजी दोन टनांप्रमाणे हे 137 दिवसांचे काम झाले, एकही सुटी न घेता आणि खर्चीचा एक रुपयाही न धरता! 2024-25 च्या हंगामात राज्यातील अनेक कारखान्यांची धुराडी शंभर दिवसांच्या आतच थंडावली. शंभर दिवसांत दोनशे टन, म्हणजे 73,200 रुपये. उरलेले 26,800 आणि त्यावर खर्ची, ही ‘बाकी’ पुढील वर्षाच्या वहीत गेली. म्हणजे पुढील दसऱ्याला त्या घराला कुलूप लागणार, हे यंदाच ठरून गेले. देणे फिटेपर्यंत दुसरीकडे काम करण्याची मोकळीक नसणे, याला 1976 च्या कायद्याने वेठबिगारी म्हटले आहे आणि ती रद्द केली आहे. कायद्याच्या पुस्तकात रद्द झालेली ही गोष्ट मुकादमाच्या वहीत मात्र दरसाल नवी होते.

आणि काही खर्च असे आहेत की जे कोणत्याही वहीत चढत नाहीत. 2019 साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. 82,309 स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे दर सहा जणींत एक! फडावर न्हाणीघर नाही, शौचालय नाही, विश्रांती नाही आणि खाडा परवडत नाही. अशा स्थितीत दुखण्याचे मूळच काढून टाका, हा सल्ला बाईला सोयीचा वाटू लागतो. मुलींची कथा वेगळी नाही. वयात आलेली पोर कोपीवर न्यावी तर धास्ती, गावी ठेवावी तर धास्ती. मग लग्न उरकून टाकण्याची घाई होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 20 ते 24 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात शेकडा 22 च्या आसपास होते. बीड जिल्ह्यात ते चाळिसाच्या वर होते. जिच्या हाती पाटी असायची, तिच्या हाती कोयता येतो तो असा.

यावर कोणी म्हणेल, जाणारा आपल्या खुशीने जातो. उचल घेऊन पळून जाणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापायी मुकादम व वाहनमालकही बुडतात. हे खोटे नाही. मुकादम हा बहुधा परका नसतो. गावचाच, कित्येकदा भावकीतला असतो. त्यालाही कारखान्याच्या करारासाठी वाहनमालकाकडून पैसा उचलावा लागतो. परंतु एवढ्याने सिद्ध काय होते? हेच, की साऱ्या साखळीत जोखीम खाली ढकलली जाते आणि साखर वर जाते. 2024-25 साठी केंद्राने टनभर उसाला 3,400 रुपये रास्त दर ठरविला होता. ज्या हातांवाचून तो ऊस गव्हाणीत पडत नाही, त्या हातांना त्याच्या दहाव्या हिश्शाहून थोडेसेच अधिक मिळते, आणि त्या हातांचा मालक कोण असे विचारले तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो!

दोष केवळ परमुलखाचा नाही, घराचाही आहे. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामी राजवटीत होता. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे कालव्यांच्या मुलखात कारखान्यांची रांग लागली, तेव्हा बालाघाटाच्या माथ्यावरची कोरडवाहू शेते पावसाच्या तोंडाकडे पाहत होती. पुढे माजलगावचे धरण झाले, जिल्ह्यातही कारखाने निघाले. परंतु पाणी सखल भागात गेले आणि माथ्यावरचा माणूस खाली उतरत राहिला. 1972 च्या दुष्काळातून या राज्याने देशाला रोजगार हमीची कल्पना दिली. मागेल त्याला काम, हा महाराष्ट्राचा 1977 चा कायदा. 2025 च्या डिसेंबरात संसदेने केंद्राच्या जुन्या योजनेच्या जागी नवा कायदा करून शंभर दिवसांचे 125 केले. आकडा वाढला, ठीक झाले. पण काम मागितल्यावर महिनाभराने मिळणार असेल आणि मजुरी त्याहून उशिरा, तर आज रोख देणाऱ्या मुकादमाशी ही हमी कशी स्पर्धा करणार? राहिली बचत. चार पैसे गाठीला बांधावेत तर 2023 साली ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेच्या दारात बीडच्या ठेवीदारांनी ज्या रांगा लावल्या, त्या लोक विसरलेले नाहीत. घरात ठेव सुरक्षित नाही आणि कर्ज मिळत नाही, मग घर ते घर कसले?

काहीच झालेले नाही, असे आम्ही म्हणत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. गाळपावर टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच शासनाने द्यावेत असे ठरले. संत भगवानबाबांच्या नावे 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना 2021 मध्ये मंजूर झाली. योजना चांगल्या आहेत. मात्र त्यांची परीक्षा मुंबईच्या घोषणेत नाही, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाटोद्याच्या फाट्यावर आहे. ट्रॉलीत चढणारे पोर तेथून उतरवून वसतिगृहात नेता आले, तर योजना फळली म्हणायची.

आमच्या मते चार गोष्टी तातडीने झाल्या पाहिजेत. पहिली, आषाढ-श्रावणात अल्प व्याजाचे कर्ज महामंडळामार्फत थेट मजुराच्या खात्यात मिळावे आणि त्याची फेड कोणाही एका मुकादमाशी बांधलेली नसावी. दुसरी, उचल, तोडलेले टन, खर्ची आणि बाकी यांची लेखी पावती देण्याची जबाबदारी कारखान्यावर असावी आणि करारावर बाईचे नाव व तिच्या खात्यात तिची निम्मी मजुरी असावी. तिसरी, गावोगावच्या रोजगाराच्या कामांची यादी दिवाळीनंतर नव्हे, दसऱ्यापूर्वी तयार असावी. चौथी, प्रत्येक फडाजवळ पाणी, शौचालय आणि फिरता दवाखाना असल्यावाचून गाळपाला परवाना मिळू नये.

वेळ फार नाही. 2023 पासून राज्य ऊसतोडणी यंत्रांना अनुदान देत आहे. ही यंत्रे उद्या फडाफडांत उतरतील. त्यांच्यामुळे माणसाचे कष्ट वाचणार असतील तर आम्ही त्यांचे स्वागतच करू. पण त्या दिवशी उचलही थांबेल, आणि लाखो कोयते हातात घेऊन माणसे आपल्याच गावच्या पारावर बसतील. परमुलखाचे दार बंद होण्यापूर्वी घराचे दार उघडलेले असले पाहिजे.

17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तीच्या दिवशी, अहिल्यानगरहून बीडला रेल्वे आली. तिची वाट पाहण्यात जिल्ह्याच्या कित्येक पिढ्या गेल्या. ही गाडी बीडला उद्योग आणि बाजारपेठ घेऊन येणार, की फक्त माणसे भरून बाहेर नेणार, हे रुळांवर नव्हे, राज्यकर्त्यांच्या धोरणावर ठरेल. पोटासाठी मुलूख सोडणे हा माणसाचा हक्क आहे. त्याला कोणी आडकाठी करू नये. परंतु ज्याला जावेच लागते, त्याच्या जाण्याला हक्क म्हणण्याची चूकही कोणी करू नये. बीडच्या माणसाला जाण्याची मोकळीक पुष्कळ मिळाली. त्याला आता राहण्याची मोकळीक हवी आहे.