भाड्याचे ज्ञान नको, हक्काचे ज्ञान हवे

जातींच्या उगमावरचा बाबासाहेबांचा कोलंबियातला निबंध 1917 साली 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. ज्या ग्रंथालयाने तो अंक विकत घेतला, त्याच्याकडे तो कायमचा राहिला. पुढे वर्गणी बंद केली म्हणून कपाटातला जुना अंक उचलून नेण्याची सोय प्रकाशकाला नव्हती.

डिजिटल जर्नलच्या काळात हा साधा हक्क गेला. ग्रंथालय आता अंक विकत घेत नाही, वाचण्याचा परवाना घेते. मुदत संपली की नवे अंक बंद होतातच; पण ज्या वर्षांचे पैसे मोजले, ते अंकही कुलूपबंद होऊ शकतात. करारात तसे कलम लिहून घेतले असेल तरच ते आपले राहतात.

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नल्स, 6,300 हून अधिक सरकारी संस्था. योजनेचे स्वागतच आहे. पण 2027 संपल्यावर काय? पीएच.डी.ला सहा वर्षांपर्यंत मुदत असते आणि परवाना तीनच वर्षांचा! उद्या बोलणी फिसकटली तर श्रीमंत संस्था स्वतःच्या पैशाने जर्नल घेतील. घरात पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढलेल्या आपल्या संशोधकाने कुठे जायचे?

हा तज्ज्ञांचा विषय आहे, असे सांगून आपल्याला गप्प बसवू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2019 मध्ये 'एल्सेव्हिअर'शी करार मोडला. आधीच्या बहुतेक अंकांवर त्यांचा कायमचा हक्क होता, म्हणून ते दोन वर्षे ताठ उभे राहू शकले आणि 2021 मध्ये त्यांनी नवा करार केला. ज्याच्या हाती जुने अंक आहेत, तोच वाटाघाटीत 'नाही' म्हणू शकतो. ज्याच्या हाती काही नाही, त्याला प्रकाशक मागेल ती किंमत मोजावी लागते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. पैसे मोजलेल्या वर्षांचे अंक कायमचे खुले राहिले पाहिजेत. त्यांची प्रत देशातल्या सार्वजनिक सर्व्हरवर ठेवण्याचा हक्क मिळाला पाहिजे. खासगी व्यवस्थापनाची अनुदानित महाविद्यालयेही योजनेत आली पाहिजेत, कारण आपली असंख्य मुले तिथेच शिकतात. आणि कराराच्या अटी जनतेसमोर आल्या पाहिजेत. पैसा जनतेचा आहे. विद्यार्थी संघटनांनी माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाकावा. 2027 च्या शेवटी जागे होऊन उपयोग नाही.

1917 मध्ये बाबासाहेबांचा ग्रंथसंग्रह घेऊन येणारे जहाज पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले. तो महायुद्धाचा काळ होता. आज आपले ग्रंथालय एका कलमाअभावी बुडाले, तर दोष कुणाला देणार?

जय भीम!