आधी डोळा बघा

बालमित्रांनो,

दिवाळीच्या आसपास नाशिकहून दिंडोरीकडे किंवा पिंपळगाव बसवंतकडे कधी गेला आहात का? गेला असाल, तर रस्त्याच्या कडेच्या द्राक्षबागा पाहून चकित झाला असाल. कुठे वेलींवर एक पान नाही! मांडवावर नुसत्या तपकिरी काड्या आणि खाली जमिनीवर कापलेल्या काड्यांचे ढीग. नव्या माणसाला वाटावं, कुणी वैऱ्याने रातोरात येऊन बाग तोडून टाकली की काय!

पण हा वैरी नसतो, बागेचा मालकच असतो. याला म्हणतात छाटणी. आपल्या नाशिकच्या बागांत ती वर्षातून दोनदा होते. माल निघून गेल्यावर एप्रिलच्या सुमाराला होते ती खरड छाटणी. मग नव्या काड्या येतात, पिकतात आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळासाठी पुन्हा छाटणी होते. त्यानंतर साधारण चार महिन्यांनी तुमच्या ताटलीत गोड द्राक्षं!

आजचा आपला धडा या बागेतलाच आहे. आणि तो मी तुम्हांला शिकवणार असले, तरी मला तो शिकवला चौथीतल्या एका मुलाने. कसा, ते सांगते.

माझी आजी शरणपूरला राहायची. शरणपूर ही नाशिकमधली जुनी ख्रिस्ती वस्ती. सुट्टीत तिच्याकडे गेलं की संध्याकाळी दिवा लागल्यावर ती शुभवर्तमान वाचायची आणि आम्ही भावंडं मांडी घालून ऐकायचो. येशूच्या गोष्टी मला फार आवडायच्या, कारण त्यांत सगळं आमच्या घरातलंच असायचं. पिठात कालवलेलं खमीर, मोहरीचा एवढासा दाणा, हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावून घर झाडणारी बाई. आजी झाडू लागली की मी विचारायची, “आजी, तुझंपण नाणं हरवलं का गं?”

पण एक भाग ऐकला की मला भीती वाटायची. योहानाच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय. त्यात येशू शिष्यांना सांगतो, मी वेल आहे, तुम्ही फांद्या आहात आणि पिता हा माळी आहे. जी फांदी फळ देते, तिलाही तो छाटतो, म्हणजे तिला आणखी फळ यावं. मला वाटायचं, हे काय भलतंच! चांगली फळं दिली तरी कात्री? माझ्या डोळ्यांपुढे हातात मोठी कात्री घेतलेला रागीट माळी उभा राहायचा. कुणी चुकलं, की कचकन कापलं!

गंमत म्हणजे, मोठी होऊन मी शिक्षिका झाले आणि तसाच रागीट माळी स्वतःच झाले. ऐका.

आमची शाळा दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या गावात आहे. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव सांगत नाही. त्याचे आई-वडील छाटणीच्या कामाला या बागेतून त्या बागेत जायचे. ऑक्टोबर लागला की हा आठवड्यातले दोन-तीन दिवस गैरहजर. आला तरी शेवटच्या रांगेत पेंगायचा. वाचायला उभा केला की अक्षरं जुळवताना घामाघूम व्हायचा.

एका सकाळी वाचनाची चाचणी होती. सहा दिवसांनी उगवलेल्या या पोराला एक ओळ धड वाचता येईना. माझ्या डोक्यात आदल्या दिवशीच्या कागदपत्रांचा ताप होता. मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “तुझ्याने काही व्हायचं नाही. जा, बागेतच जा कात्री चालवायला!”

वर्ग हसला. तो नाही हसला. पुस्तक मिटून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हजेरी घेताना त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिताना पेन अडखळायला लागलं. मनात म्हटलं, नेहमीसारखा बागेत गेला असेल. पण मन मानेना. बागेत तो गेला नव्हता. बागेत मी त्याला घालवलं होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी विचारत विचारत त्या बागेत गेले. आई-वडील काड्या छाटत होते. तो खाली पडलेल्या काड्या गोळा करत होता आणि मधूनच झोळीतल्या धाकट्या बहिणीला झोका देत होता. मला पाहून वेलीआड झाला. त्याची आई म्हणाली, “बाई, आला नाय ना शाळंत? म्हणतो, मला नाय येत काही.” मी काय सांगणार? तोंड नव्हतं. उगाच काहीतरी करायचं म्हणून मी म्हणाले, “बघू कात्री, मी पण कापून बघते.” आणि समोरची काडी धरली.

तेवढ्यात वेलीआडून आवाज आला, “बाई, थांबा! तिथं नका कापू. आधी डोळा बघा.”

डोळा म्हणजे काय, माहीत आहे? काडीवर पेराशी एक छोटासा फुगवटा असतो. नवी फूट तिथूनच निघते. तो जवळ आला आणि बोट ठेवून दाखवू लागला. हा डोळा चांगला, टपोरा. हा बारका. कापायचं ते डोळ्याच्या वर थोडी जागा सोडून. “लई जवळ कापलं तर डोळा वाळून जातो, बाई.” मी विचारलं, “आणि कापलंच नाही तर?” तो माझ्याकडे असा बघायला लागला, की हिला शिक्षिका कुणी केलं! “मग नुसता पाला होतो. माल नाय येत.”

त्याचे वडील हसले आणि त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. छाटणीच्या आधी मालक काही काड्या तपासायला प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. का? कारण पुढच्या मोसमातला घड त्या डोळ्यात आधीच तयार असतो! उन्हाळ्यात नवी काडी वाढत असतानाच तो आत धरलेला असतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. पण आहे. कोणत्या डोळ्यात घड आहे ते कळलं, की कुठे कापायचं ते कळतं.

मुलांनो, मी तिथे कात्री हातात घेऊन उभीच राहिले. आजीच्या घरी ऐकलेला तो अध्याय मला तीस वर्षांत समजला नव्हता, तो त्या बागेत समजला. माळी रागीट नसतोच. रागीट माणसाला छाटणी जमणारच नाही. माळी आधी जवळ येतो, काडी हातात घेतो, डोळा शोधतो आणि मग कापतो. त्याची नजर कात्रीवर नसते, अजून न दिसणाऱ्या घडावर असते. आणि मी? मी डोळा न बघताच कापलं होतं. तेही अगदी जवळून.

त्याच संध्याकाळी त्याची माफी मागावी, असं वाटत होतं. पण जीभ रेटेना. घरी येऊन मी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढलं. हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. लक्ष्मीबाई आपल्याच भागातल्या. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. शाळेत गेल्या नाहीत. वडिलांचं सोवळं-ओवळं फार कडक. पुढे त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही आपलं खाणं-पिणं त्यांनी निराळंच ठेवलं होतं. मग एकदा त्यांनी स्वतःलाच विचारलं, या जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर आलं, माणसांनी. झालं! त्यानंतर कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

मी ही गोष्ट धर्म बदलण्यासाठी सांगत नाही हं. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, एवढा मोठा धडा त्यांना रोजच्या पाण्याच्या घोटात आणि भाताच्या घासात सापडला. आणि दुसरी, आपलं कुठे चुकलं, कशी फजिती झाली, हे त्यांनी पुस्तकात लपवलं नाही. हसत हसत सांगून टाकलं. म्हटलं, जलालपूरच्या या बाईंना जमलं, तर आपल्याला का जमू नये?

रविवारी मी पुन्हा त्या घरी गेले आणि त्याला म्हटलं, “चुकलं माझं. सोमवारी ये.” सोमवारी तो आला. अपमान वर्गासमोर केला होता, म्हणून माफीही वर्गासमोर मागितली. वर्ग अगदी चिडीचूप. मग त्याला फळ्यापाशी बोलावलं. त्याने खडूने वेल काढली आणि कुठे कापायचं ते सगळ्यांना समजावलं. मी गणित घातलं, “एका काडीवर ८ डोळे राखले आणि वेलीवर काड्या २५, तर डोळे किती?” मी फळ्यावर मांडणी करेपर्यंत त्याने सांगितलं, “दोनशे.” तोंडी! त्या दिवशीचे वाचनाचे शब्दही त्याचेच होते : काडी, डोळा, वेल, घड. ते त्याने वाचले. सावकाश, पण एकही न चुकता.

आता तो पहिला नंबर काढतो, असं तुम्हांला वाटेल. नाही काढत. अजून अडखळतो. एप्रिलच्या छाटणीला पुन्हा काही दिवस बुडले. पण या वेळी जाताना त्याच्या दप्तरात मी गोष्टीची दोन पुस्तकं दिली. परत आला तेव्हा त्यांतलं एक वाचून झालं होतं आणि दुसऱ्यावर द्राक्षाच्या पानांचे डाग होते. ते डाग मला फार आवडले.

आई-बाबांसाठी दोन शब्द. मुलांना रागवूच नये, असं मी म्हणत नाही. न छाटलेल्या वेलीवर नुसता पाला वाढतो, हे त्या पोरानेच सांगितलं आहे. पण प्रगतिपुस्तक हातात आलं, की “तुझ्याने काही व्हायचं नाही” हे वाक्य जिभेवर येतं ना, त्याच्या आधी क्षणभर थांबा. या काडीवर डोळा कुठे आहे? तो सापडला नसेल, तर कात्री खाली ठेवा.

आणि मुलांनो, तुमच्याही हातात कात्री असते बरं का. वर्गात कुणी अडखळलं, की तुम्ही हसता, ती तुमची कात्री. या आठवड्याचा गृहपाठ असा : तुमच्या वर्गात सगळे ज्याला हसतात, अशा एका मुलाकडे किंवा मुलीकडे तीन दिवस नीट बघा. त्याला काय येतं, जे तुम्हांला येत नाही? तो त्याचा डोळा. सापडला, की आधी त्यालाच सांगा. मग मला पत्र लिहून कळवा.

बाकी पुढच्या आठवड्यात.

तुमच्या,
बाई