मोगलीचा संच आणि शेरखानचं आडनाव

गेल्या महिन्यात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी मुलांसाठी डीव्हीडींचा एक संच आणला. कव्हरवर लाल लंगोटीतला मोगली. आमच्या बेगम म्हणाल्या, "ही मुलांची भेट आहे की तुमची?" खोटं कशाला बोला, आमचाच चेहरा आधी उजळला होता.

1993 च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर हे लागायचं. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा टीव्ही दोनच घरी. चपला दाराबाहेर काढून आम्ही पंधरा-वीस पोरं दाटीवाटीनं बसायचो आणि नेमकी त्याच वेळी लाईट जायची. त्यामुळे 52 भागांतले निम्मे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. हे जपानी काम आहे हेही तेव्हा माहीत नव्हतं. निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीनं ही मालिका केली. 1989 च्या ऑक्टोबरपासून वर्षभर ती जपानमध्ये चालली आणि मग हिंदीचा पेहराव घालून आपल्याकडे आली. शीर्षकगीत गुलजार साहेबांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं आणि शेरखानचा आवाज आपल्या मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. 2016 साली जंगल बुकचा मोठा इंग्रजी सिनेमा हिंदीत आला तेव्हाही शेरखानसाठी नानांनाच बोलावलं, यातच सगळं आलं.

आता संचाबद्दल. चित्र जुनं आहे, जुनंच दिसतं. मोठ्या पडद्यावर कडा फुटतात. आमच्या संचात दोन भागांचा क्रम उलटा लागलाय, त्यामुळे मोगली आधी पळतो आणि मग त्याच्यावर संकट येतं. एका तबकडीवर आवाज ओठांच्या मागे पडतो. खाली अक्षरं नाहीत. ती असती तर वाचायला शिकणाऱ्या मुलांना केवढा फायदा झाला असता. हे सगळं मान्य करूनही आम्ही म्हणू, मिळाला तर घ्या. भाग साधारण वीस-बावीस मिनिटांचा. असरनंतर दोन भाग पाहिले तरी मगरिबच्या आत टीव्ही बंद होतो. फोनवर तसं होत नाही. तिथे एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, आणि तिसरा मोगलीचाच असेल याची खात्री नाही.

मेव्हणे म्हणाले, मोबाईलच्या दुकानात पेनड्राइव्हवर सगळे भाग भरून मिळतात, पैसे कशाला घालवता? मिळतात, आम्हालाही ठाऊक आहे. पण ज्यांनी चित्रं काढली, आवाज दिले, त्यांचा हक्क कुठे गेला? हुकूकुल इबाद फक्त शेजाऱ्याच्या बांधापुरते नसतात. त्यावर मेव्हणे हसले. तुम्ही मास्तर लोक कार्टूनमध्येही मसला काढता, म्हणाले.

डोरेमॉन, शिनचॅनशी तुलना घरोघरी होईलच, म्हणून थोडक्यात. शिनचॅनवर 2008 साली आपल्याकडे बंदी आली होती, पुढे काटछाट करून ते परत आलं. त्याची बोली मुलं चटकन उचलतात आणि दादीला ऐकवतात, हा आमच्याच घरचा अनुभव. डोरेमॉन वाईट नाही, पण तिथे दरवेळी खिशातून यंत्र निघतं आणि नोबिताचा अभ्यास टळतो. मोगलीच्या जंगलात खिसाच नाही. जंगलचा कायदा बालूनं सांगितला की तो पाळायचा, चुकलं तर भोगायचं.

शेजारची दोन मुलंही रोज येऊन बसू लागली. आईबाप कोयत्यावर कोल्हापूरकडे गेलेले, दिवाळीनंतर उचल घेऊन गेले ते पट्टा पडल्यावरच येणार. मुलं आजीजवळ. लांडग्याची मादी मोगलीला आपल्या पिलांत ओढून घेते, तो भाग त्यांनी दोनदा लावायला लावला. आमच्या मुलांना कंटाळा आला, त्या दोघांना नाही. आम्ही काही बोललो नाही. चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त ठेवली.

खरा पेच वेगळ्याच जागी निघाला. आमचा भाचा मराठी शाळेत चौथीत आहे. आडनाव खान. त्यानं शाळेत मोगलीच्या गोष्टी सांगितल्या आणि दोन दिवसांत त्याचं नाव 'शेरखान' पडलं. पहिल्या दिवशी त्याला मजा वाटली. मग खेळात दरवेळी त्यालाच वाघ करून सगळे मिळून मारू लागले. घरी येऊन त्यानं विचारलं, "मामू, खराब जानवर कू खान कायकू बोलते? बाकी कोई जंगल में खान नहीं क्या?"

आम्ही वीस वर्षं मुलांना उत्तरं देतोय, पण पटकन जीभ उचलली नाही. किपलिंग 1865 साली मुंबईत जन्मले. त्यांनी नावं इथल्याच बोलीतून उचलली. बालू म्हणजे भालू, हाथी म्हणजे हत्ती, अकेला म्हणजे एकटा, शेरखानच्या मागे फिरणाऱ्या कोल्ह्याचं नाव तबाकी. तबक म्हणजे थाळी, आणि हा ती चाटणारा. वर्गात उर्दू शिकवताना ही नावं फार कामाला येतात. मूळ पुस्तकात शेरखान एका पायानं लंगडा आहे आणि त्याची आईच त्याला 'लंगडी' म्हणते. म्हणजे चिडवण्याचं नाव त्यालाही चुकलं नव्हतं. लेखकाच्या मनात काय होतं ते आम्ही सांगू शकत नाही. पण पोरांच्या मनात काय जातं ते दिसतं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

मग आम्ही भाच्याला दुसरा शेरखान सांगितला. सासारामचा फरीद, ज्यानं वाघ मारला म्हणून बिहारच्या सरदारानं त्याला शेरखान हा किताब दिला. तोच पुढे हुमायूनला हरवून शेरशाह सूरी झाला. तू खिशात घालतोस त्या रुपयाचं नाव त्याच्याच चांदीच्या नाण्यावरून आलंय, असं सांगितल्यावर भाच्यानं नाणं काढून उलटंसुलटं पाहिलं. वर्गशिक्षिका बाईंनाही आम्ही भेटलो. बाई समजूतदार निघाल्या. आता खेळात वाघाची पाळी सगळ्यांवर येते. चिडवणं पूर्ण थांबलंय असं नाही, कमी झालंय.

काहींना वाटेल, एवढ्यासाठी संच बंदच करायचा. आम्हाला तसं वाटत नाही. बंद केला असता तर भाच्यानं तो प्रश्न आम्हाला विचारलाच नसता, मनात ठेवला असता. फक्त मुलांना संचाबरोबर एकटं सोडू नका. कुणीतरी मोठं शेजारी बसलेलं हवं, भाजी निवडत का होईना. आमच्याकडे दादी बसतात. वाघाच्या डरकाळीवर दरवेळी "या अल्लाह" म्हणतात आणि पोरं टीव्ही सोडून त्यांच्याकडेच पाहत बसतात.

शेवटची तबकडी अजून लावलेली नाही. त्यात शेरखान मरतो हे भाच्याला कुणीतरी सांगितलंय. "अभी नक्को मामू," म्हणतो. नानांच्या आवाजाची नक्कल मात्र आता झकास करतो.