शस्त्रक्रिया तिचीच का?

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी त्यांची कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. साधनांचे नाव काढणेही अश्लील ठरे, असा तो काळ.

आज साधनांना तोटा नाही. तांबी सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात. तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आहे. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदाच घ्यायची. तिच्यातले औषध लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झाले, हे आपल्याला क्वचितच कोणी सांगते. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर राहिले की आई आणि बाळ दोघांचा धोका कमी होतो, हेही एव्हाना सर्वांना ठाऊक आहे.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदीचा आधार होता फक्त ०.३ टक्के जोडप्यांना. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, बिनटाक्याची, काही मिनिटांत उरकणारी. तिने ताकद जात नाही की पौरुषही. पण आशाताई विषय काढायला घरी आली की नवरोबांना नेमके बाहेर काम निघते. ही लाज नव्हे, सोय आहे.

या अंकातला पुरुष नसबंदीवरचा लेख त्यांनीच आधी वाचावा.